मोरपंखीवरचा कोळी ओळखायचा कसा: फांदीपासून स्लाइडपर्यंत

मार्च-एप्रिलात मोरपंखीची कुंपणं आतून तांबूस पडू लागली की वाईपासून मिरजेपर्यंत माळी एका शब्दात निकाल देतो: "कोळी आलाय." हा कोळी म्हणजे घरात जाळं विणणारा नव्हे, तर इंग्रजीत माइट म्हणतात तो बारीक जीव. निकाल बहुतेकदा बरोबर असतो, पण अर्धाच असतो. सूचिपर्णी झाडांवर रस शोषणारे कोळी निदान तीन अगदी वेगळ्या गटांतले असतात: जाळं विणणारा लाल कोळी, जाळं न विणणारा चपटा कोळी आणि नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अळीसारखा लांबुडका एरिओफाइड कोळी. तिघांची राहायची जागा, नुकसान आणि औषध वेगळं. लाल कोळ्यावर चालणारं बायफेनाझेट हे कोळीनाशक एरिओफाइडवर जवळपास निरुपयोगी ठरतं. इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक मारलं तर लाल कोळी उलट वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणून नाव आधी, फवारणी नंतर.

हा लेख नाव ठरवण्यापुरता आहे. तो बागायतदार, नर्सरीवाले, कृषी आणि प्राणिशास्त्राचे विद्यार्थी यांच्यासाठी लिहिला आहे. ज्यांच्याकडे फक्त भिंग आहे त्यांनी पहिले तीन भाग (झाड, नुकसान, नमुना) केले तरी गट नक्की कळेल. प्रजातीपर्यंत जायचं तर संयुक्त सूक्ष्मदर्शक आणि स्लाइड लागतेच, त्याला पर्याय नाही.

आधी झाड ओळखा

इथेच पहिली चूक होते. सुरूचं झाड सुईसारखं दिसतं, त्याला छोटी शंकूसारखी फळंही येतात, पण ते सूचिपर्णी नाही, सपुष्प आहे. सिल्व्हर ओकचा या गटाशी संबंध नाही. सायकस बिया उघड्या ठेवतो, तरी तोही वेगळाच. सातारा-सांगलीच्या बागांत भेटणारी खरी सूचिपर्णी झाडं म्हणजे मोरपंखी, सायप्रस, ज्युनिपर, अरॉकेरिया, पोडोकार्पस आणि थंड हवेच्या ठिकाणच्या आवारांतले पाइन. मोरपंखी म्हणजे तीच, जिची डहाळी लहानपणी 'विद्या' म्हणून पुस्तकात ठेवली जायची. तिचं आजचं शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. जुन्या पुस्तकांत आणि नर्सरीच्या पाट्यांवर ती थुजा म्हणून सापडते. 'ख्रिसमस ट्री' हे नाव नोंदवहीत लिहू नका, कारण त्या नावाखाली अरॉकेरियाही विकला जातो आणि सायप्रसही.

झाडाच्या नावावर एवढा भर देण्याचं कारण सरळ आहे. बहुतेक एरिओफाइड कोळी एका प्रजातीवर किंवा एका वंशातल्या झाडांवरच जगतात. झाडाचं नाव चुकलं तर पुढची ओळखतालिका पहिल्याच वळणावर चुकते. कोळ्याबरोबर झाडाची 15 सेंटिमीटरची फांदी वर्तमानपत्रात दाबून ठेवा, शंकू असेल तर शंकूसकट. रोप कोणत्या गावच्या नर्सरीतून आणि कधी आणलं तेही लिहा. कोळी रोपाबरोबर प्रवास करतो आणि या झाडांपैकी बरीचशी बाहेरूनच आलेली असतात.

नुकसान वाचायचं कसं

लाल कोळ्याच्या गटात सूचिपर्णींवर जगभर पसरलेली प्रजाती म्हणजे ओलिगोनिकस युननग्विस. ती जुन्या पानांवर, झाडाच्या आतल्या आणि खालच्या भागात आधी वाढते. म्हणून कुंपण बाहेरून हिरवं दिसतं आणि हाताने फाकवलं की आत तांबूस निघतं. पानांवर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके असतात. डहाळ्यांच्या बेचक्यांत बारीक जाळं, त्यात धूळ, आणि भिंगाखाली पाहिलं तर पांढऱ्या, कागदासारख्या कातींचे तुकडे अडकलेले दिसतात.

चपट्या कोळ्याचं जाळं नसतं. पानं काशासारखी तपकिरी होतात आणि खवल्यांच्या सांध्यात विटकरी ठिपके स्वस्थ बसलेले असतात. एरिओफाइड कोळ्याची खूण वाढीत दिसते: कळी फुगते किंवा मरते, एकाच जागी डहाळ्यांचा झुबका येतो, पाइनची सुई आखूड किंवा पिळलेली राहते, कधी पानावर गंजासारखी छटा येते. आणि पुष्कळदा काहीच दिसत नाही. लक्षण नाही म्हणून कोळी नाही असं समजू नका.

आता कोळी नसताना कोळ्यावर ढकललं जाणारं नुकसान. पान चिकट लागत असेल, मुंग्यांची रांग असेल किंवा काळी बुरशी असेल तर मावा किंवा पिठ्या ढेकूण शोधा. कोळी चिकटा सोडत नाही. जमिनीपासून गुडघाभर उंचीपर्यंतच आणि रस्त्याच्या बाजूलाच पट्टा करपला असेल तर कारण बहुधा कुत्र्याचं मूत असतं. फांदीची टोकं सरसकट वाळली असतील तर पाण्याची ओढ किंवा मुळांची कूज तपासा. माण-खटाव, जत-आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यात मोरपंखी पाण्यावाचूनच जास्त मरते, आणि तहानलेल्या झाडावर लाल कोळी वाढतोही जोमाने. दोन्ही कारणं एकत्र असू शकतात.

नमुना घेणं

उत्तम काळ फेब्रुवारी ते मे. महाबळेश्वरात वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या माऱ्यात उघड्यावर फिरणारा कोळी धुऊन जातो. कळीत आणि पाइनच्या सुयांच्या म्यानात लपलेला मात्र पावसाळ्यातही सापडतो. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात नमुना घ्यायचा तर वनविभागाची परवानगी आधी.

पहिला टप्पा झटकण्याचा. पाठीला पुठ्ठा लावलेला पांढरा ए-फोर कागद फांदीखाली धरा आणि फांदीवर काठीने पाच टोले द्या. कागद तिरका करून कचरा झटकून टाका. जे चिकटून राहून हळूहळू चालू लागतं ते पाहा. झाडाच्या चारही बाजूंना, छातीच्या आणि गुडघ्याच्या उंचीवर असं करा. प्रत्येक ठिकाणी टोले तेवढेच ठेवा, नाहीतर दोन झाडांची तुलना होणार नाही. सुळकन पळणारा, चकचकीत, नासपतीच्या आकाराचा फिकट कोळी दिसला तर तो बहुधा फायटोसीइड, म्हणजे शिकारी. तो मित्र आहे. नमुन्यात घ्या, पण वेगळ्या कुपीत.

झटकून एरिओफाइड मिळत नाही, मिळाला तरी दिसत नाही. त्याची लांबी 0.1 ते 0.3 मिलिमीटर. त्यासाठी फांदी कापून आणावी लागते. ऊन चढायच्या आत प्रत्येक झाडाच्या दहा डहाळ्या घ्या, 10 सेंटिमीटरच्या, निम्म्या आतल्या आणि निम्म्या टोकाच्या, कळ्यांसकट. कागदी रुमालात गुंडाळून झिपच्या पिशवीत ठेवा, पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका आणि थर्मासच्या डब्यात न्या. पिशवी उन्हात तापली की आत पाणी सुटतं आणि कोळी त्यात बुडून कुजतो. शाईची चिठ्ठी अल्कोहोलात पुसली जाते, म्हणून पेन्सिलच.

घरी आल्यावर लगेच धुऊ नका. आधी तीन-चार डहाळ्या तशाच पाहा. कोळी कुठे बसला आहे, खवल्याखाली, कळीत की शंकूत, ही माहिती धुतल्यावर कायमची जाते, आणि ओळखीत तिचं वजन मोठं आहे. पाइन असेल तर सुयांचा जुडगा ज्या म्यानात बसतो ते ब्लेडने उभं चिरा आणि सुया फाकवा. म्यानाच्या तळाशी, जिथे सुई पांढरट आणि कोवळी असते, तिथे दुधाळ, लांबट कण गर्दी करून असतील तर तो एरिओफाइड.

एक सोपी युक्ती आहे. काळ्या कागदावर पेट्री डिशमध्ये डहाळी चार-सहा तास सुकू द्या. पान वाळायला लागलं की एरिओफाइड आडोसा सोडून बाहेर येतात. बाजूने प्रकाश टाकून 40 पट मोठं करून पाहिलं तर फिकट कण सरपटताना दिसतात. काही जण शेपटीकडच्या चकतीवर उभे राहून अंग हवेत धरतात. वाऱ्यावर स्वार होण्याची ही त्यांची तयारी.

मग उरलेल्या डहाळ्या धुवा. एक लिटर पाण्यात 10 मिली घरगुती ब्लीच आणि भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. डहाळ्या बरणीत घालून दोन मिनिटं जोरात हलवा. ब्लीचने जाळं सुटतं, साबणाने कोळी पानावरून निसटतो. ते पाणी आधी 180 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि मग 25 मायक्रॉनच्या चाळणीतून सोडा. वरच्या चाळणीत लाल कोळ्याच्या प्रौढ माद्या आणि कचरा राहतो, खालच्या चाळणीत एरिओफाइड आणि लहान पिल्लं. तयार चाळण्या महाग पडतात. तीन इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा कापून त्याच्या तोंडाला तेवढ्या मायक्रॉनची नायलॉन जाळी इपॉक्सीने चिकटवली तरी काम होतं. साध्या पाण्याने दोनदा धुऊन माल 70 टक्के इथाइल अल्कोहोलात घ्या. डीएनए तपासायचा असेल तर ब्लीच वापरू नका. ते नमुने सुईने उचलून थेट 95 टक्क्यांवरच्या अल्कोहोलात ठेवा आणि फ्रीजरमध्ये घाला.

कोरडी डहाळी कागदात गुंडाळून ठेवली तरी एरिओफाइड वर्षानुवर्षं टिकतो आणि नंतर लॅक्टिक ॲसिडमध्ये फुगवून स्लाइड करता येते. अल्कोहोलात फार काळ राहिलेला कडक होतो, पाय वळत नाहीत. म्हणून काही माल कोरडाही जपा.

तो या झाडावर राहतो की नुसता बसलाय?

आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात जास्त फसवतो. पाचगणी-महाबळेश्वरात मोरपंखीच्या कुंपणापलीकडे स्ट्रॉबेरी असते, आणि स्ट्रॉबेरीवर टेट्रानिकस अर्टिकी हा दोन ठिपक्यांचा कोळी ठरलेला. कराड-वाळव्याकडे कुंपणाला लागून ऊस, खाली ज्वारी. त्यांच्यावर ओलिगोनिकस इंडिकस. उन्हाळी वाऱ्याबरोबर हे दोन्ही कोळी मोरपंखीवर येऊन पडतात. झटकलेल्या कागदावर ते दिसले म्हणून मोरपंखीचा कोळी सापडला असं होत नाही.

पुरावा एकच: अंडी, सहापायी पिल्लं, मोठी पिल्लं, कात आणि प्रौढ, सगळं एकाच डहाळीवर. खवल्यांच्या खोबणीत अंडी पानाला चिकटलेली, शेजारी कातीची पांढरी टरफलं, जाळ्यात नर मादीजवळ थांबलेला, असं दिसलं तर घर इथलंच. दोन-चार प्रौढ माद्याच दिसल्या आणि दुसरं काही नाही, तर 'झाडावर आढळला' एवढंच लिहा, 'झाडावर वाढतो' असं लिहू नका.

स्लाइड: इथे घाई करू नका

आधी पारदर्शक करणं. खोलगट स्लाइडमध्ये 50 ते 70 टक्के लॅक्टिक ॲसिडचे दोन-तीन थेंब घ्या, कोळी सोडा, वर झाकण ठेवा आणि 45 ते 50 अंश सेल्सियसला ठेवा. एरिओफाइड काही तासांत साफ होतो, लाल कोळ्याला एक दिवस लागू शकतो. दर तासाला पाहा. आतला हिरवा-तपकिरी गाळ विरला आणि कातडी अजून ठळक आहे, तो क्षण पकडायचा. पुढे गेलात तर पाठीच्या पुढच्या ढालीवरच्या रेषा फिक्या होऊन दिसेनाशा होतात. त्या रेषांशिवाय एरिओफाइडची प्रजाती ठरत नाही.

कोळी स्लाइडवर ज्यात बसवायचा ते माध्यम हॉयरचं. 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात 30 ग्रॅम डिंक, म्हणजे गम अरेबिक, घाला. खडे घ्या, भुकटी नको, भुकटीत बुडबुडे राहतात. खोलीच्या तापमानाला पूर्ण विरघळू द्या, एक दिवस लागला तरी चालेल. मग 200 ग्रॅम क्लोरल हायड्रेट आणि शेवटी 20 मिली ग्लिसरीन. क्रम बदलू नका. काचेच्या लोकरीतून गाळा, काही दिवस निवळू द्या आणि गडद बाटलीत ठेवा. क्लोरल हायड्रेट गुंगी आणणारं, विषारी रसायन आहे. ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून, हातमोजे घालून, नोंद करूनच वापरावं. घरच्या स्वयंपाकघरात हे काम करू नका.

थेंब लहान, साबुदाण्याएवढा. तो स्लाइडच्या मधोमध ठेवा. डोळ्याच्या पापणीचा केस काडीला चिकटवून केलेल्या सुईने कोळी थेंबाच्या तळाशी, काचेला टेकवा. तो वर तरंगत राहिला की झाकणकाच आणि कोळी यांत अंतर पडतं, आणि 100 पटीच्या, तेल लावून वापरायच्या भिंगाला तेवढ्या खोलवर फोकस करता येत नाही. 12 मिलिमीटरची गोल झाकणकाच एका कडेने टेकवत सोडा. खाली हलकी ऊब द्या. थेंब उकळला तर बुडबुडा कोळ्याच्या पोटातच अडकतो.

एरिओफाइडच्या निदान दहा माद्या बसवा: काही पाठ वर, काही पोट वर, दोन-तीन कुशीवर. लाल कोळ्याच्या माद्या पाठ वर बसवा. नर मात्र कुशीवरच, आणि पाच तरी. नर कुशीवर आणणं हे या कामातलं खरं कसब. थेंब थोडा कमी घ्या, झाकणकाच टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत तिची कड सुईने केसाएवढी सरकवा, नर लोळतो. त्याचं जननांग, एडिएगस, बाजूने आकड्यासारखं दिसू लागलं की थांबा. थोडं जास्त सरकलं तर टोक आपल्याकडे वळून येतं, आकडा आखूड दिसतो आणि नाव चुकतं.

वाळवणं: 45 ते 50 अंशांना किमान आठवडाभर, शक्य असेल तर तीन-चार आठवडे. ओव्हन नसेल तर लाकडी पेटीत 40 वॅटचा साधा दिवा आणि थर्मामीटर ठेवा. हॉयर हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये पाचगणीत केलेली आणि न वाळवता ठेवलेली स्लाइड ऑगस्टपर्यंत पुन्हा ओली होते आणि झाकणकाच सरकून कोळी फाटतो. पूर्ण वाळल्यावर कडेने ग्लिप्टाल (कडा बंद करायचं व्हार्निश) किंवा रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात द्या, डब्यात सिलिका जेल ठेवा आणि स्लाइडा आडव्याच ठेवा.

ओळखतालिका: कुठून कुठे वळायचं

पाय मोजा. प्रौढ कोळ्याला आठ पाय, अंड्यातून नुकत्या निघालेल्या पिल्लाला सहा. एरिओफाइडला मात्र जन्मभर चारच, आणि तेही सगळे पुढे, डोक्याजवळ. चार पाय दिसले की गट ठरला.

आठ पायांचा असेल तर तोंडाजवळची स्पर्शांगं पाहा. शेवटून दुसऱ्या पेराला नखी असेल आणि ती शेवटच्या पेरासमोर आंगठ्यासारखी येत असेल, तर तो टेट्रानिकिडी, म्हणजे लाल कोळ्याचं कुळ. आंगठा नसेल, अंग चपटं असेल आणि जाळं नसेल, तर टेनुइपाल्पिडी, चपटा कोळी. त्याच्या स्पर्शांगाची पेरं मोजा. सायप्रस कुळातल्या झाडांवर सापडणाऱ्या पेंटामेरिस्मसला पाच असतात, हे त्याच्या नावातच आहे. सर्वत्र आढळणाऱ्या ब्रेव्हिपाल्पसला चार. पाच पेरं असलेले आणखीही वंश आहेत, त्यामुळे पाच म्हटल्यावर लगेच पेंटामेरिस्मस लिहू नका, पाठीवरचे रोमही तपासा.

आठ पायांचे सगळेच रस शोषत नाहीत. गोल, तपकिरी, बीटलसारखे कडक ओरिबॅटिड कोळी बुरशी आणि कुजकं खातात. नारिंगी-लाल, अंडाकृती स्टिग्मिइड शिकारी असतात. कळीत सापडलेला प्रत्येक पांढरा कोळी शत्रू नसतो.

टेट्रानिकिडीत वंशासाठी पायाचं टोक पाहायचं. एम्पोडियम म्हणजे दोन नख्यांमधला अवयव. तो एकाच जाड नखीसारखा असेल आणि त्याच्या बुडातून बारीक केस निघत असतील, तर ओलिगोनिकस. तीन जोड्या केसांत फाटलेला असेल, तर टेट्रानिकस. खात्रीसाठी पहिल्या पायाच्या शेवटच्या पेरावर दुहेरी रोमांच्या दोन जोड्या शोधा. ओलिगोनिकसमध्ये त्या टोकाशी एकमेकींना लागून असतात, टेट्रानिकसमध्ये लांब-लांब. पाय सरळ बसला नसेल तर हे दिसत नाही, दुसरी स्लाइड घ्या. अंदाजाने पुढे जाऊ नका.

प्रजातीसाठी नर. ओलिगोनिकस युननग्विसच्या एडिएगसचं टोक खाली, पोटाकडे वळतं आणि निमुळतं होत जातं. टेट्रानिकसमध्ये ते वर वळतं. ओलिगोनिकसमध्ये दोन्ही प्रकार आहेत, म्हणून 'मोरपंखीवर ओलिगोनिकस, म्हणजे युननग्विस' हा तर्क चालत नाही. शेजारच्या ज्वारीवरचाही त्याच वंशातला. नर मिळाला नाही तर 'ओलिगोनिकस, प्रजाती अनिश्चित' असं लिहा.

आता एरिओफाइड. परंपरेने याची तीन कुळं: फायटोप्टिडी, एरिओफिइडी, डिप्टिलोमिओपिडी. डिप्टिलोमिओपिडीचं तोंड मोठं आणि त्यातली सोंड मुळाशी काटकोनात खाली वाकलेली. कुशीवरच्या स्लाइडवर ती लगेच कळते. उरलेल्या दोघांसाठी पाठीच्या पुढच्या ढालीवरचे रोम मोजा. एरिओफिइडीत दोन असतात किंवा एकही नसतो. सूचिपर्णींवरच्या फायटोप्टिडींत ढालीच्या पुढच्या कडेवर मधोमध एकटा रोम असतो. ट्रायसेटॅकस या वंशात हा एक आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन. नावाचा अर्थही तोच, तीन रोमांचा. हा मधला रोम पुढे झुकलेला असतो आणि धुताना तुटू शकतो. तुटला असेल तर त्याच्या मुळाचा गोल टिंब शोधा. टिंब आहे म्हणजे रोम होता.

ट्रायसेटॅकस अळीसारखा लांबट, पाठीची आणि पोटाची वलयं जवळपास सारखी. तो कळीत, सुईच्या म्यानात, शंकूत राहतो. भूमध्य प्रदेशात सायप्रसच्या कळ्या मारणारा ट्रायसेटॅकस जुनिपेरिनस हा त्यातलाच. नालेपेला हा वंश चातीसारखा, मध्ये फुगीर आणि सुयांवर उघड्यावर फिरणारा. स्प्रूस आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांवर त्याच्या प्रजाती आहेत. ऑस्ट्रियातले आल्फ्रेड नालेपा यांनी या कोळ्यांच्या वर्गीकरणाचा पाया घातला, आणि कॅलिफोर्नियातल्या कायफरनी हा वंश त्यांच्या नावाने केला. अलीकडच्या जनुकीय अभ्यासानंतर काही अभ्यासक या सूचिपर्णी-निवासी मंडळींना नालेपेलिडी असं स्वतंत्र कुळ मानतात. नवं आणि जुनं लेखन एकत्र वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवा, एकाच कोळ्याचं कुळ दोन ठिकाणी दोन दिसेल.

पुढे मोजमाप. आधी सूक्ष्मदर्शकाचं माप ठरवा. स्टेज मायक्रोमीटर म्हणजे मापाच्या रेघा कोरलेली स्लाइड, तिचा एक भाग 10 मायक्रॉन असतो. 40 च्या भिंगाखाली नेत्रिकेतल्या पट्टीचे 100 भाग स्टेजच्या 25 भागांवर बसले, तर एक भाग 2.5 मायक्रॉन. हे प्रत्येक भिंगासाठी वेगळं काढून सूक्ष्मदर्शकावर चिकटवून ठेवा. मग प्रत्येक मादीची लांबी, ढालीची लांबी-रुंदी, ढालीवरच्या रोमांची लांबी, पाठीच्या आणि पोटाच्या वलयांची संख्या, मादीच्या जननझडपेवरच्या उभ्या रेघा आणि पायाच्या टोकाच्या पिसासारख्या नखीचे फाटे मोजा. फाटे मोजायला 100 चं तेलाचं भिंग आणि फेज कॉन्ट्रास्ट, म्हणजे पारदर्शक वस्तू ठळक दाखवणारी प्रकाशयोजना, लागतो. फोटोवर विसंबू नका, फोटोत एकच पातळी येते. फोकस वर-खाली करत हाताने चित्र काढा.

पिल्लांवर नाव ठेवू नका. जननछिद्र नसेल तर ते पिल्लू. नराला झडप नसते, तिथे आडवी फट दिसते. काही प्रजातींत प्रतिकूल ऋतू काढणाऱ्या माद्या नेहमीच्या माद्यांपेक्षा वेगळ्या दिसतात, त्यामुळे एकाच प्रजातीला दोन नावं पडू शकतात. त्यासाठीच एकाच झाडाचा नमुना फेब्रुवारीत, मेमध्ये आणि ऑक्टोबरात असा तीनदा घ्यावा.

लेबल आणि पाठवणी

स्लाइडच्या उजव्या लेबलवर: राज्य, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, झाडाचं शास्त्रीय नाव, झाडावरची नेमकी जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. डाव्या लेबलवर कोळ्याचं नाव आणि ते ठरवणाऱ्याचं नाव, माध्यम, नर की मादी. 'सातारा' एवढंच लिहिलेल्या स्लाइडचा काही उपयोग नाही. म्हसवड आणि महाबळेश्वर एकाच जिल्ह्यात आहेत, आणि हवामान बघितलं तर दोन वेगळे देश वाटावेत.

प्रजातीचं नाव तज्ज्ञाकडून पक्कं करून घ्या. बंगळुरूचं कृषी विज्ञान विद्यापीठ हे देशातल्या कृषी-कोळी संशोधनाचं जुनं केंद्र. चन्नबसवण्णांनी भारतीय एरिओफाइडांवरचं पायाभूत काम 1966 मध्ये तिथूनच प्रसिद्ध केलं. आपल्याला जवळचं म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं पश्चिम विभागीय केंद्र. आधी लिहून विचारा, मग पाठवा.

ओली स्लाइड पाठवू नका, वाटेत काच सरकते. कुपीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो हिंदकळून रोम तोडतो, म्हणून कुपी तोंडापर्यंत भरलेली असावी. टपाल आणि कुरिअर ज्वलनशील द्रव घेत नाहीत. अशा वेळी अल्कोहोल ओतून टाका, भिजलेल्या कापसाचा बोळा आत ठेवा, बूच घट्ट लावून त्यावर पॅराफिल्म, म्हणजे ताणली जाणारी मेणाची पट्टी, गुंडाळा. सोबत दाबलेली फांदी आणि कोरड्या डहाळीचं पाकीट द्या. निम्म्या स्लाइडा स्वतःकडे ठेवा, दोन्ही संचांवर एकच नमुना क्रमांक घाला आणि तोच क्रमांक वहीत झाडासमोर लिहा.